सूर्याचे डाग, माउंडर मिनिमम आणि व्हॉट्सॲपवरचं हिमयुग

दुर्बीणवाला (मूळ धागा)

थंडी पडली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक ढकलपत्र न चुकता येतं. "नासाचा इशारा! २०३० पासून सूर्य झोपणार, पृथ्वीवर छोटं हिमयुग येणार, ग्लोबल वॉर्मिंग निघालं थोतांड." खाली हात जोडलेले आणि पुढे पाठवण्याची आज्ञा. दरवेळी तेच तेच उत्तर टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. पुढच्या वेळी नुसता दुवा चिकटवीन.

सूर्य "झोपतो", म्हणजे त्याच्यावरचे काळे डाग जवळजवळ दिसेनासे होतात, हे खरं आहे, आणि ती गोष्ट मुळातच इतकी रंजक आहे की तिला हिमयुगाची फोडणी द्यायची गरज नाही.

१६१०-११ च्या सुमारास युरोपात दुर्बिणी सूर्याकडे वळल्या. गॅलिलिओ, शायनर, फॅब्रिशियस, हॅरियट या सगळ्यांनी डाग पाहिले, डाग कुणी आधी पाहिले यावरून भांडणंही झाली. मग १६४५ च्या आसपासपासून डाग दिसेनासेच झाले. एखाददुसरं वर्ष नाही, १७१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं. बघणारे हौशी होते, त्यांच्या दुर्बिणी भिकार होत्या, असं म्हणून हे उडवून लावता येत नाही. पॅरिसच्या वेधशाळेत पिकार आणि ला इर नेमाने सूर्य बघत होते. कॅसिनीला १६७१ मध्ये एक डाग दिसला, तर ती छापण्याजोगी बातमी झाली. ग्रीनिचच्या फ्लॅमस्टीडने १६८४ मध्ये डाग पाहिला आणि नोंदवलं की १६७६ नंतर हा पहिलाच. यातल्या एका तीस वर्षांच्या टप्प्यात जेमतेम पन्नासेक डागांची नोंद आहे. एरवी तेवढ्या काळात चाळीस-पन्नास हजार दिसतात.

डाग अकरा-एक वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होतात हे कळायला १८४३ उजाडलं. जर्मनीतल्या डेसाऊ गावचे औषधविक्रेते श्वाबे बुधाच्या आतला एखादा ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना सापडेल या आशेने रोज सूर्य बघत होते. ग्रह मिळाला नाही, चक्र मिळालं. त्यानंतर श्प्योरर आणि ग्रीनिचचे वॉल्टर माउंडर यांनी जुन्या नोंदी चाळून दाखवलं की सतराव्या शतकात हे चक्र जवळपास बंदच पडलं होतं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९७६ मध्ये अमेरिकेच्या जॅक एडीने हा विषय पुन्हा उकरून काढला आणि त्या काळाला "माउंडर मिनिमम" हे नाव दिलं.

एडीचा पुरावा वकिली थाटाचा आहे. डाग नाहीत, ठीक. पण सूर्याच्या चुंबकीय हालचालींमुळे दिसणाऱ्या ध्रुवीय प्रकाशाच्या नोंदीही त्याच काळात फार थोड्या. हॅलेने (धूमकेतूवाल्या) आयुष्यात पहिल्यांदा तो प्रकाश पाहिला १७१६ मध्ये, साठीला टेकल्यावर! खग्रास ग्रहणांच्या वर्णनांत प्रभामंडलाचे (झाकलेल्या सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचे) लांब किरण कुणी लिहून ठेवलेले नाहीत. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे झाडांची वर्तुळं. सूर्याचं चुंबकीय क्षेत्र मंदावलं की अंतराळातून येणारे वैश्विक किरण जास्त संख्येने वातावरणात शिरतात, त्यातून कार्बन-१४ जास्त बनतो आणि तो त्या वर्षीच्या लाकडात जाऊन बसतो. सतराव्या शतकातल्या लाकडात तो वाढलेला सापडतो. त्याच किरणांनी बनणारं, ध्रुवावरच्या बर्फातलं बेरिलियम-१० हेच सांगतं. याच मार्गाने दुर्बिणीच्या आधीचे मंद काळही कळले: साधारण १२८० ते १३५० चा वुल्फ मिनिमम आणि १४५० च्या पुढचं शतकभर चाललेला श्प्योरर मिनिमम. माउंडरनंतरचा, पण बराच सौम्य, तो १७९० ते १८३० चा डाल्टन मिनिमम.

आता हवामान. माउंडर मिनिमम युरोपातल्या "लघुहिमयुगा"च्या ऐन मध्यात पडतो. थेम्स गोठली, १७०९ च्या थंडीत फ्रान्समध्ये माणसं पटापट मेली, आल्प्समधल्या हिमनद्या खाली उतरल्या. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हटल्यावर जोडी जमवायचा मोह कुणाला होणार नाही?

पण तारखा आड येतात. लघुहिमयुगाची सुरुवात त्याआधी कित्येक पिढ्या झालेली आहे आणि शेवट १८५० च्या सुमारास, म्हणजे सूर्य जागा झाल्यावर सव्वाशे-दीडशे वर्षांनी. मधल्या काळात मोठमोठे ज्वालामुखी फुटले: १२५७ चा इंडोनेशियातला समालास, १६०० चा पेरूतला वायनापुतिना, १८१५ चा तंबोरा. "उन्हाळ्याविना वर्ष" म्हणून जे १८१६ प्रसिद्ध आहे ते डाल्टन मिनिममच्या खात्यावर टाकलं जातं. खरा गुन्हेगार तंबोरा.

आणि जोर किती? सूर्याकडून पृथ्वीला दर चौरस मीटरला साधारण १३६१ वॅट मिळतात. चक्राच्या कमाल आणि किमान टोकांत फरक जेमतेम ०.१ टक्का. गोल पृथ्वीवर तो पसरला आणि परत जाणारा प्रकाश वजा केला की उरतात सुमारे ०.२ वॅट. माणसाने १७५० पासून हवेत सोडलेल्या सगळ्याचा एकत्रित परिणाम आयपीसीसीच्या (हवामानबदलाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती) सहाव्या अहवालात २.७२ वॅट दिलाय. उद्या माउंडरसारखा काळ पुन्हा आला तर काय, याचं गणित जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या फॉयल्नर आणि राह्मस्टॉर्फ यांनी २०१० मध्ये मांडलं. २१०० पर्यंत जास्तीत जास्त ०.३ अंशांची घट. आजवर तापमान वाढलंय १.१ अंशाहून जास्त.

तेव्हा सूर्य शांत झाला तर होईल ते एवढंच. हिमयुग वगैरे काही नाही. शंका विचारा, भांडा, पण ढकलपत्र इथे चिकटवू नका.

---

चिकटगुंडा

मस्त लेख. वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: डाग काळे असतात ना? मग डाग कमी म्हणजे सूर्य जास्त उजळ व्हायला हवा. इथे उलटंच सांगताय.

---

दुर्बीणवाला

बाळबोध नाही, अगदी नेमकी शंका. डागाचं तापमान साडेतीन-चार हजार केल्विन, आजूबाजूचं ५८०० च्या आसपास, म्हणून तो काळा दिसतो. एकटा सोडला तर तोही झगझगीत असतो. पण डागांच्या भोवताली फॅक्युली नावाचे जास्त उजळ पट्टे असतात, ते बिंबाच्या कडेला चांगले दिसतात. डाग जेवढा उजेड खातात त्याहून जास्त हे पट्टे देतात. म्हणून डाग भरपूर तेव्हा सूर्य किंचित तेजस्वी.

डाग मोजण्याची पद्धतही सांगून टाकतो. दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची (डोळा लावायचा नाही म्हणजे नाही!), पेन्सिलीने डाग टिपायचे. वुल्फ नावाच्या स्विस माणसाचं सूत्र: गटांची संख्या गुणिले दहा, अधिक सुटे डाग. कागदावर तीन गट आणि त्यांत मिळून चौदा डाग असतील तर आकडा ४४. कागद हलला किंवा पेन्सिल बोथट असली की बारके डाग एकमेकांत मिसळतात आणि दोन माणसांचे आकडे जुळत नाहीत, म्हणून प्रत्येक निरीक्षकासाठी एक गुणक लावतात. हे सगळं आजही असंच चालतं.

---

वऱ्हाडी ठेचा

भाऊ, माउंडरचं नाव घेतलं अन् आमच्या तळणीचं नाही घेतलं? हे बरं नव्हं.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला हेच वॉल्टर माउंडर आणि त्यांच्या पत्नी ॲनी माउंडर वऱ्हाडात आले होते. मुक्काम तळणीला. आजही नागपूर-भुसावळ लाइनीवर धामणगाव आणि पुलगावच्या मधात तळणी स्टेशन आहे, पॅसेंजर थांबते. ॲनीबाईंनी तिथं लहानशा कॅमेऱ्यानं सूर्याच्या प्रभामंडलाचा फोटो काढला, त्यात आला तेवढा लांब किरण तोवर कोणाच्याच फोटोत आला नव्हता. बाई केंब्रिजला शिकलेल्या, ग्रीनिचला नोकरीला होत्या, लग्न झाल्यावर १८९५ ला नोकरी सोडावी लागली. डाग सूर्यावर कुठल्या अक्षांशावर केव्हा दिसतात हे दाखवणारी ती फुलपाखरासारखी आकृती १९०४ मध्ये दोघांनी मिळून केली, नाव मात्र नवऱ्याचंच चालतं.

अजून एक. त्याच तळणीच्या तुकडीत जॉन एव्हरशेड होते. पुढं तेच कोडाईकनालच्या वेधशाळेत आले अन् १९०९ मध्ये डागातून वायू बाहेरच्या बाजूला वाहतो हे शोधून काढलं. तळणीत याची पाटीबिटी काही पायली नाही म्या.

---

मीनाक्षी_पुणे

ठेचा, हे माहीतच नव्हतं! त्याच ग्रहणाला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला जेऊरला (करमाळ्याजवळचं) तळ ठोकून होते, आणि कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे लोकही तिथेच. पुण्याच्या सायन्स कॉलेजात नायगमवालांची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती, वीस इंची दुर्बीण तेव्हा देशात सगळ्यात मोठी. १९१२ ला वेधशाळा बंद झाली, सामान कोडाईकनालला गेलं. पुण्याने गमावलेल्या गोष्टींच्या यादीत हे कुणी धरत नाही.

---

देवगडचा हापूस

आणि विजयदुर्ग राहिलाच की. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर साहेबाने किल्ल्यावरच्या कट्ट्यावरून हेलियमचा शोध लावला. १८६८!

---

मीनाक्षी_पुणे

हापूसदादा, दरवर्षी १८ ऑगस्टला हे वाचायला मिळतं, पण तसं नाही ते. १८६८ च्या ग्रहणाला लॉकयर इंग्लंडमध्येच होते. गुंटूरला होते ते फ्रान्सचे जान्सेन. लॉकयरनी सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय, इंग्लंडमधून पाहिली. विजयदुर्गला ते आले १८९८ ला, वरच्याच ग्रहणासाठी. साहेबाचे कट्टे खरे, लॉकयर खरे, साल तेवढं तीस वर्षं मागे ढकललं गेलंय.

---

देवगडचा हापूस

आमच्या शाळेत तसंच शिकवलंय हो. असो. कट्टे तरी आमचेच.

---

बखरबहाद्दर

अवांतर वाटेल पण नाही. या लॉकयरचा आपल्या दुष्काळांशी थेट संबंध आहे आणि मूळ लेखात तो यायला हवा होता.

१८७६-७८ चा दुष्काळ. दख्खन आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसं गेली. ऐन दुष्काळात, १८७७ मध्ये, लॉकयर आणि हिंदुस्थान सरकारचे सांख्यिकी प्रमुख विल्यम हंटर यांनी एक लेख लिहिला: मद्रासचा पाऊस डागांच्या चक्राबरोबर हलतो, डाग कमी की पाऊस कमी, आणि दुष्काळ त्याच सुमाराला पडतात. आकाशाकडे तोंड करून बसलेल्या सरकारला हे किती सोयीचं! धान्य निर्यात चालूच होतं, दुष्काळी कामांवरची मजुरी कापली जात होती, आणि दोष कुणाचा तर सूर्याचा.

त्याच सुमारास जेव्हन्स नावाचे अर्थशास्त्री तर आणखी पुढे गेले. डाग, त्यावरून हिंदुस्थानातली पिकं, पिकांवरून मँचेस्टरच्या कापडाला गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकावरून लंडनच्या बाजारातली मंदी, अशी साखळी त्यांनी मांडली. आजचे शेअरबाजाराचे ज्योतिषी बरे म्हणायचे.

फायदा एक झाला. मॉन्सूनचा अंदाज घेण्यासाठी सूर्य नीट बघायला हवा हा विचार रुजला, आणि कोडाईकनालची वेधशाळा उभी राहण्यामागे तो होता. तिथे शंभराहून जास्त वर्षांच्या सूर्याच्या प्रतिमा आहेत, जगात अशा सलग मालिका फार थोड्या.

---

पावसाळी बेडूक

बखरबहाद्दर, यात गिल्बर्ट वॉकर जोडा. १९०४ ला ते हवामान खात्याचे प्रमुख झाले. गणिती माणूस, हवामानाचा ओ की ठो माहीत नव्हता. त्यांनी जगभरातल्या ठिकाणांच्या पावसाचं डागांशी नातं किती घट्ट आहे हे हिशोब करून तपासलं, १९१५ मध्ये छापलं. हाती फारसं काही लागलं नाही. मग हवेच्या दाबाचे आकडे चाळता चाळता त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागराचा झोका सापडला, ज्याला आज आपण अल निनोच्या जोडीने ओळखतो. १८७७ चा दुष्काळही मोठ्या अल निनोचाच होता. सूर्य किमानाकडे झुकलेला होता हा योगायोग.

(पुण्यात शिवाजीनगरला "शिमला ऑफिस"चा चौक म्हणतात ना, ते नाव याच खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं म्हणून.)

---

मावळतीचा गडी

शिवकाळ बरोबर माउंडर मिनिममात बसतो की! १६३० च्या दुष्काळाचं कारण आज कळलं.

---

बखरबहाद्दर

गडी, घाई करू नका. १६३०-३२ चा दख्खन-गुजरातचा दुष्काळ, ज्यात तुकोबांचं घर उद्ध्वस्त झालं, तो माउंडर मिनिममच्या आधीचा आहे. त्या वेळी डाग दिसत होते. महाराजांचा राज्याभिषेक, मोहिमा, हे सगळं मात्र डागरहित सूर्याखाली झालं, आणि त्या काळात १६३० च्या तोडीचा दुष्काळ दख्खनच्या नोंदीत नाही. तुमच्या बाजूने एक देतो: १७०२ ते १७०४ चा दख्खनचा दुष्काळ आणि साथ. इटालियन प्रवासी मनुचीने वीस लाखांहून जास्त मेले असं लिहिलंय. तो काळ मिनिममच्या आत येतो. पण तेव्हा औरंगजेबाची छावणी वीस वर्षं मुलूख चरत होती, हेही विसरू नका. दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणाल तर तो १३९६ च्या पुढचा, वुल्फ आणि श्प्योरर या दोन मिनिममांच्या मधल्या जागेत.

एवढ्यावर कुठलंही सूत्र उभं राहत नाही.

---

सत्यशोधक_००७

सगळे आयपीसीसीचे पोपट. थेम्स नदीवर सतराव्या शतकात बाजार भरायचा, लोक बर्फावर बैल भाजून खायचे. तेव्हा कुठे होता कार्बन डायऑक्साइड? सूर्यच सगळं चालवतो हे शेंबडं पोरही सांगेल. आणि सौरशास्त्रज्ञ झार्कोव्हा बाईंनी २०१५ मध्ये सिद्ध केलंय, २०३० ते ४० छोटं हिमयुग.

---

दुर्बीणवाला

साहेब, एकेक घेऊ.

थेम्स: १६८३-८४ च्या हिवाळ्यात बाजार भरला, खरं आहे. मध्य इंग्लंडच्या तापमानाची नोंद १६५९ पासून आहे आणि त्यात तोच सगळ्यात थंड हिवाळा, सरासरी उणे १.२ अंश. पण अवघ्या दोन वर्षांनी, सूर्य तसाच डागरहित असताना, त्याच नोंदीतल्या चांगल्या उबदार हिवाळ्यांपैकी एक येऊन गेला. दुसऱ्या क्रमांकाचा थंड हिवाळा १७३९-४०, तेव्हा सूर्य पूर्ववत झाला होता. तिसरा १९६२-६३! नोंदीतलं सगळ्यात जोरदार सौरचक्र त्याच्या चार-पाच वर्षं आधी टोकाला होतं. आणि बाजार १८१४ नंतर भरला नाही यात जुन्या लंडन पुलाचा मोठा वाटा आहे. त्याच्या अरुंद कमानी बंधाऱ्यासारखं पाणी अडवत, म्हणून वरच्या अंगाला नदी गोठे. १८३१ मध्ये नवा पूल झाला, जुना पाडला, पाणी खळाळू लागलं.

झार्कोव्हा: त्यांनी २०१५ मध्ये सांगितलं ते सूर्याच्या हालचालीत ६० टक्के घट होईल असं. हालचाल म्हणजे डागांशी निगडित चुंबकीय क्रिया, उष्णता नव्हे. वर्तमानपत्रांनी त्याचं हिमयुग केलं. त्यांच्या प्रतिमानाप्रमाणे डागांचं २५ वं चक्र २४ व्यापेक्षा मंद असायला हवं होतं. २४ व्या चक्राचं शिखर (डागांचा आकडा) ११६ होतं, एप्रिल २०१४ मध्ये. २५ व्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये १६० च्या आसपास गेलं. त्यांचा २०१९ चा दुसरा एक निबंध नियतकालिकाने २०२० मध्ये मागे घेतला.

आणि सूर्यच चालवतो म्हणाल तर १९८९ पासून २२, २३, २४ ही चक्रं उतरत गेली, तापमान चढत गेलं. शिवाय सूर्य तापवत असता तर वातावरणाचा वरचा थर, स्ट्रॅटोस्फिअर, खालच्याबरोबर तापला असता. तो थंड होतोय.

---

सत्यशोधक_००७

आकडे तुम्हीच बनवता, तुम्हीच वाचता.

---

चिकटगुंडा

००७ भाऊ, मग तुमचे द्या ना. वाट बघतोय.

---

आशा_ओस्लो

मी भौतिकीवाली. दुर्बीणवाला बरोबर आहेत, पण ०.१ टक्का म्हणून सूर्याला अगदीच बाजूला सारू नका. एकूण ऊर्जेत फरक ०.१ टक्का असला तरी अतिनील भागात, २०० नॅनोमीटरच्या आसपास, तो काही टक्क्यांवर जातो. हे किरण ओझोन शोषतो, त्यामुळे स्ट्रॅटोस्फिअरचं तापमान हलतं आणि त्यातून हिवाळ्यातले ध्रुवाजवळचे पश्चिमी वारे सैल पडू शकतात. मग सायबेरियाची थंडी युरोपात घुसते, त्याच वेळी ग्रीनलंडकडे ऊब असते. शिंडेल वगैरेंनी २००१ मध्ये माउंडर काळासाठी हेच प्रतिमान चालवलं: जगाची सरासरी ०.३-०.४ अंश खाली, पण युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्यात एक-दोन अंश. म्हणजे तिथल्या लोकांनी थंडी भोगली हे खरं, फक्त ती जगभराची नव्हती.

वैश्विक किरणांनी ढग वाढतात अशीही एक कल्पना आहे, डेन्मार्कच्या स्वेन्समार्क यांची. जिनिव्हाजवळ सर्नमध्ये त्यावर मोठा प्रयोग झाला. परिणाम आहे, पण हवामान बदलण्याइतका जोर दिसला नाही.

पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने आदित्य-एल१ या भारताच्या सौरयानावर सूट नावाची दुर्बीण बसवली आहे, ती नेमकी २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये सूर्य बघते. या वादातला मुद्द्याचा पट्टा तोच.

---

पावसाळी बेडूक

+१. आशाताई, मॉन्सूनचं पण सांगा ना. दीर्घ काळात सूर्य-मॉन्सून नातं दिसतं ना?

---

आशा_ओस्लो

हो, शतकांच्या मापाने दिसतं. ओमानमधल्या एका गुहेतल्या लवणस्तंभात सहा ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा मॉन्सून कार्बन-१४ च्या चढउताराशी छान जुळतो. अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी अरबी समुद्राच्या तळातल्या गाळावरून हेच मांडलं: सूर्य मंद, तर मॉन्सूनचे वारे मंद. पण एकेका वर्षाच्या पावसाला हे लावू नका. तिथे अल निनो, हिंदी महासागर, एवढंच काय एखादा कमी दाबाचा पट्टा कुठे रेंगाळला यानेच सगळं ठरतं.

---

द्राक्षबाग_निफाड

मंडळी, माझ्या कामाचं सांगा. गेल्या काही हंगामांत डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा दोन-तीन अंशांवर येतो. मणी तडकतात, पहाटे बागेत शेकोट्या कराव्या लागतात, ठिबक सोडून जमीन ओली ठेवतो. आमच्या औषध दुकानदाराने सांगितलं की सूर्याचं थंड पर्व सुरू झालंय, २०३० पर्यंत थंडी वाढतच जाणार, तेव्हा बाग काढा. काढू का?

---

पावसाळी बेडूक

दादा, बाग काढू नका, निदान या कारणासाठी तरी नाही. निफाडची थंडी येते ती उत्तरेकडून. पश्चिमी झंझावात हिमालयावरून सरकला, आकाश निरभ्र झालं, उत्तरेचा कोरडा वारा खाली उतरला की रात्री जमीन झपाट्याने उष्णता सोडते. गोदाकाठच्या सखल भागात थंड हवा साचते. तुमच्या वरच्या अंगाच्या शेजाऱ्याकडे एक-दोन अंश जास्त असतील, विचारून बघा. यात सूर्याच्या डागांचा हिस्सा थर्मामीटरला कळण्याइतकासुद्धा नाही.

पावसाचंही सांगतो. सूर्य अगदी तळाला होता २००८-०९ ला आणि पुन्हा डिसेंबर २०१९ ला. २००९ ला देशाचा मॉन्सून सरासरीच्या ७८ टक्के, भीषण दुष्काळ. २०१९ ला ११० टक्के, सांगली-कोल्हापूर पाण्याखाली. सूर्य दोन्ही वेळा सारखाच निजलेला. उलट डाग भरपूर असताना २००२ ला ८१ टक्के, २०१४ ला ८८ टक्के. १९७२ ला सूर्य ना तळाला ना शिखरावर, पाऊस ७६ टक्के.

---

दुर्बीणवाला

बेडूकराव, हे आकडे मूळ धाग्यात हवे होते, संपादकांना सांगून वर चढवतो.

निफाडकर, अजून एक बघा. पृथ्वीची कक्षा किंचित लांबट आहे, त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो. जुलैपेक्षा जवळजवळ सात टक्के जास्त ऊन पृथ्वीला तेव्हा मिळतं. डागांच्या चक्राच्या सत्तर पट फरक, आणि नेमकी तेव्हाच तुमची बाग गारठते. दुकानदाराला हे सांगून बघा.

---

द्राक्षबाग_निफाड

सांगितलं. म्हणाला, "ते पुस्तकातलं झालं." बाग ठेवतोय. खालच्या कोपऱ्यातल्या चार ओळींत थंडी जास्त बसते हे मात्र बरोबर, तिथला बांध फोडून हवा उतरायला वाट केली तर फायदा होईल का?

---

पावसाळी बेडूक

होईल. थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहते. खालच्या अंगाला दाट शेवरी किंवा कुंपण असेल तर तेही विरळ करा. आधी आठवडाभर दोन थर्मामीटर लावा, एक वर, एक त्या कोपऱ्यात, पहाटे पाचला वाचा. फरक दीड अंशाहून जास्त निघाला तरच बांधाला हात लावा.

---

वऱ्हाडी ठेचा

अन् तळणीच्या पाटीचं कोणी मनावर घेतं का? ग्रामपंचायतीला अर्ज मी देतो. मजकूर मीनाक्षीताईंनी लिहावा, ॲनीबाईंचं नाव आधी.

---

मीनाक्षी_पुणे

लिहिते. रविवारपर्यंत मसुदा व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवते. त्या किरणाचा फोटोही पाटीवर छापता येईल, एवढा जुना आहे की हक्काचा प्रश्न नसावा, तरी आधी खात्री करून घेते.